प्रश्न ‘कितपत’चा आहे!

माध्यमिक शाळेच्या इतिहासाच्या पेपरात ‘ब्रिटिशांच्या चुकांमुळेच सिंगापूर पडले, कितपत सहमत आहात?’ असे आले, की आपली मुले सारी हकीकत लिहून मोकळी होतात. ८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री जपानी उतरले, १५ तारखेला बुकित तिमाच्या फोर्ड कारखान्यात जनरल पर्सिव्हल शरण गेले. तारखा बिनचूक, गुण मात्र बेताचेच!

आमच्या मते येथे तराजू हवा. लढाईला तोंड लागले तेव्हा मलायात ब्रिटिशांचा एकही रणगाडा नव्हता, ही चूक खरी. पण १० डिसेंबर १९४१ रोजी दोन बलाढ्य युद्धनौका जपानी विमानांनी बुडवल्या, हे शत्रूचे बळ नव्हे काय? आणि त्या प्रसिद्ध तोफा! त्या समुद्राकडेच तोंड करून होत्या, असे घरोघरी सांगतात. वास्तविक त्यांतल्या बऱ्याच जमिनीकडे वळत होत्या. गोळे मात्र बहुतेक जहाजे फोडण्याचे, पायदळापुढे फारसे कामाचे नव्हेत. म्हणजे चूक होतीच, पण ऐकीव गोष्टीतली नव्हे. असे एक वाक्य कारणासह लिहिणारा मुलगा परीक्षकाला थांबवतो. पालकांनी आज रात्री तारखा विचारू नयेत. कोणते पारडे जड आणि का, तेवढे विचारावे.