शटर उघडायला मूड लागत नाही, मग व्यायामाला का लागतो?



ट्रेनिंगला येणाऱ्या नव्या दुकानदारांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "सर, सकाळी नऊला शटर उघडतो, रात्री नऊला पाडतो. मग हिशेब, उधारी, उद्याच्या मालाची ऑर्डर. व्यायामाला अंगात जीवच उरत नाही." खरंय. त्यात आपल्या नंदुरबारचा उन्हाळा! मे महिन्यात दुपारी काउंटरवर नुसतं बसूनही माणूस गळून जातो.

पण मला सांगा, कंटाळा आला म्हणून तुम्ही दुकान बंद ठेवता का? नाही ना? वेळ ठरलेली, जागा ठरलेली, चावी खिशात. म्हणून शटर वर जातंच. व्यायामाचंही असंच बसवायचं.

आधी वेळ आणि जागा लिहा

२००२ साली ब्रिटनमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना व्यायामाचे फायदे समजावले, काहींना तेही सांगितलं नाही. या दोन्ही गटांत आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं व्यायाम करणारे ३५ ते ३८ टक्केच निघाले. तिसऱ्या गटाला फायदे सांगितलेच, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हेही लिहून घेतलं. तिथे आकडा ९१ टक्क्यांवर गेला. फरक पाडला तो एका लिहिलेल्या ओळीने.

हा थकवा कसला आहे?

दिवसभर पोती उचलणाऱ्याचा थकवा वेगळा, दहा तास खुर्चीत बसणाऱ्याचा वेगळा. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाने २००८ साली कायम थकलेल्या, बैठ्या तरुणांचा अभ्यास मांडला. आठवड्यात तीनदा, वीस-वीस मिनिटं, सहा आठवडे हलका व्यायाम. त्यांचा थकवा ६५ टक्क्यांनी कमी झाला. मध्यम व्यायाम करणाऱ्यांचा ४९ टक्क्यांनी. म्हणजे दमलेल्या दिवशी हलकंच करा, पण करा.

यात धंद्याचं काय?

नोकरदाराला आजारपणाची रजा मिळते. आपण आजारी पडलो की गल्ला बंद. भाडं आणि हप्ता मात्र चालू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. एका माणसावर चालणाऱ्या दुकानात सगळ्यात महाग मशीन म्हणजे मालकाचं शरीर. त्याचा मेंटेनन्स खर्चात धरा.

सुरुवात अशी करा

१. शटरला जोडा. "शटर उघडण्याआधी, घराच्या ओट्यावर" किंवा "शटर पाडल्यावर, घरी चालत." ऊन पाहून सकाळ निवडलेली बरी.

२. कमीत कमी माप ठरवा. वाईट दिवशी पाचच मिनिटं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) राज्यकारभार सांभाळून रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. साहित्य शून्य, जागा एका सतरंजीएवढी. जिमची फी नाही हे बहाण्याच्या यादीतून आजच काढा.

३. सुटे पैसे जमवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच ती मोजायची. २०२० पासून ती अट गेली. सप्लायरचा फोन चालत घ्या, जवळची डिलिव्हरी पायी करा. दहा-दहाच्या नोटांनीही गल्ला भरतो.

४. वहीत नोंद करा. कॅलेंडरवर रोज टिक. एक दिवस चुकला तर चालेल, सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत. एक दिवस विक्री झाली नाही म्हणून आपण दुकान विकत नाही!

बीपी, शुगर किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ताप असेल, रात्रभर झोप झाली नसेल तर त्या दिवशी विश्रांतीच घ्या, तो आळस नाही.

या आठवड्याचा होमवर्क: उधारीच्या वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहा: "मी ___ वाजता, ___ इथे, ___ मिनिटं." ही उधारी तुमची तुमच्याकडेच आहे. वसुलीला दुसरं कोणी येणार नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदाही वाढवा, दमही वाढवा!