दोन टक्के सीएसआर मोठा की पंचवीस टक्के कर?

मीरा-भाईंदरच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे नेहमी पाहतो. एखादी कंपनी येते, वह्या-दप्तरे वाटते, रोपे लावते, फोटो निघतात, आभार मानले जातात. मदत नाकारण्याचे कारण नाही. पण युवकांनी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: ही कंपनी कर किती भरते?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हाच सीएसआर. दुसरीकडे, सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा आयकर २२ टक्क्यांवर आणला. अधिभार व उपकर धरून तो सुमारे २५.१७ टक्के होतो.

आता हिशेब करू. १०० कोटी नफ्यावर कर सुमारे २५ कोटी, सीएसआर २ कोटी. समजा, कंपनीने कमी कर असलेल्या देशातल्या आपल्याच उपकंपनीला सेवेचे, ब्रँडचे जादा पैसे दिल्याचे दाखवून ४० कोटी नफा तिकडे वळवला. सरकारचे सुमारे १० कोटी बुडाले. २ कोटींची मदत करूनही कंपनी फायद्यात!

फरक फक्त रकमेचा नाही. सीएसआर कुठे द्यायचा हे कंपनी ठरवते. तिथे आपण लाभार्थी असतो. कर अर्थसंकल्पात जातो. तिथे आपण हक्कदार असतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती याच सार्वजनिक पैशातून, केंद्र ६० व राज्य ४० टक्के अशा वाट्याने चालते. नाक्यावरचा मजूरसुद्धा मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरतो. मग कंपनीला पळवाट का?

करातला हा अन्याय बाबासाहेबांनी १९२७ मध्येच मुंबई विधिमंडळात मांडला होता. उत्पन्न नसेल तर आयकर नाही, पण शेतसारा मात्र गरीब शेतकऱ्यालाही माफ नाही, हा भेद त्यांनी दाखवला.

मग जबाबदार कंपनी ओळखायची कशी? जीआरआय २०७ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ पासून लागू आहे. कोणत्या देशात किती नफा झाला आणि किती कर भरला, हे देशनिहाय सांगण्याची अपेक्षा त्यात आहे. मात्र ते ऐच्छिक आहे. सेबीनेही २०२२-२३ पासून आघाडीच्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. कंपनीच्या वार्षिक अहवालात उपकंपन्यांची यादी, भरलेला कर आणि कराचे वाद, या तीन गोष्टी पाहा.

पुढच्या वेळी वह्या घ्या, धन्यवादही द्या. पण वार्षिक अहवालही मागा.