जुन्या येझदीचे मागचे शॉकअप: काम कसं घ्यायचं आणि पैसे कसे लावायचे

व्हिडिओत मागचे शॉकअप खोलून परत बसवून दाखवले. पण व्हिडिओत हात दिसतात, हिशेब दिसत नाही, म्हणून हा लेख. तुमचं गॅरेज परभणीत असो, गंगाखेडला असो की जिंतूर-सेलूच्या बाजूला, गोष्ट तीच आहे. एखादा माणूस जुनी येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० घेऊन येतो आणि म्हणतो, "मागचे शॉकअप गेलेत, नवे टाका." तुम्ही पार्टवाल्याला फोन लावता, "येझदीची जोडी आहे का?" तो म्हणतो आहे. संध्याकाळी जोडी बसलेली असते.

आणि आठ दिवसांनी गाडी परत दारात उभी असते.

आधी पैशाचंच बोलू. समजा, जोडी तुम्हाला २,४०० ला पडली आणि तुम्ही २,७०० ला लावली. मजुरी घेतली २००. हातात आले ५००. आता तुमचा तासाचा खर्च काढा. दुकानभाडं, लाइट, पोराचा पगार, तुमचा स्वतःचा पगार (हो, तोही धरायचा, घरखर्च गल्ल्यातून जातो म्हणून तो फुकट होत नाही) मिळून महिन्याला ३६,००० धरू. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. एक तास पडला साधारण १७३ रुपयांना. पहिल्या दिवशी दीड तास गेला. गाडी परत आल्यावर कळलं की खरा दोष चिमट्याच्या बुशमध्ये होता. गंजलेली पिन काढण्यात अडीच तास गेले. त्याची मजुरी मागायला तोंड राहत नाही, कारण गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, शॉकअप बदलूनही तेच होतंय ना!" चार तासांचे झाले ६९२ रुपये. मिळाले ५००. म्हणजे खिशातले १९२ रुपये घालून तुम्ही एक नाराज गिऱ्हाईक विकत घेतलं.

या कामात पार्ट विकून पैसा उरत नाही. पैसा आहे तपासणीत आणि मापात, आणि नेमकं तेच आपण फुकट देतो किंवा करतच नाही.

या गाड्यांना माप का लागतं

म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून गाड्या काढल्या, १९७३ पासून त्यावर येझदी नाव आलं, रोडकिंग १९७८ ला आली आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. आरएक्स १०० सुद्धा १९८५ ते १९९६ एवढीच. म्हणजे तुमच्या दारात येणारी सगळ्यात नवी जुनी येझदी किंवा आरएक्स १०० सुद्धा तीस वर्षांच्या आसपासची आहे. इतक्या वर्षांत तिला कोणी कुठले शॉकअप लावले, किती वॉशर घातले, याचा पत्ता नसतो. २०२२ पासून येझदी नावाने नव्या गाड्या आल्यात, पण त्यांचे पार्ट जुन्या गाडीला सरळ बसतील असं धरून चालू नका. आजच्या गाड्यांचे शॉकअप आपल्या मराठवाड्यातच, वाळूजला एन्ड्युरन्स कंपनीत बनतात. जुन्या गाडीसाठी मात्र "येझदीची जोडी" म्हणून जे मिळतं, त्याची लांबी आणि स्प्रिंगची ताकद तुम्हालाच तपासावी लागते.

दुसरं एक गिऱ्हाईक हल्ली वाढलंय. तरुण पोरं आजोबांची येझदी काढतात, गुटीचे टायर टाकतात आणि म्हणतात, "मोटोक्रॉससारखी मागून उंच करा." त्यांना हसू नका. नातं खरं आहे. जावा आणि सीझेड या चेकोस्लोव्हाकियातल्या भावंड कंपन्या. बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४ ला २५० सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला तो सीझेडवर. त्या गाड्यांनाही आपल्या येझदीसारखेच मागे दोन शॉकअप असायचे आणि चाकाला वर-खाली जायला जागा तशी कमीच असायची. पुढे उड्या लांब होत गेल्या तसे लोकांनी शॉकअप पुढे सरकवले, तिरपे केले, म्हणजे तेवढ्याच शॉकअपमध्ये चाक जास्त हलेल. १९७३ ला यामाहाचा हाकान अँडरसन एकाच शॉकअपच्या गाडीवर जिंकला आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत मोटोक्रॉसमधून जोडी गेलीच.

आपल्या कामाची गोष्ट यात एकच: शॉकअप सरकवला किंवा लांब केला की तरफ बदलते आणि स्प्रिंगही बदलावी लागते. शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि तिरपा असतो, म्हणून चाक नेहमी शॉकअपपेक्षा जास्त हलतं. १० मिलिमीटर लांब शॉकअप टाकला की मागचा भाग १० पेक्षा जास्त उचलला जातो. मग हँडल हलकं आणि चंचल होतं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, साखळीचा ताण बदलतो. पोराला हे तोंडी सांगा आणि कार्डवर लिहा. फ्रेमवर वेल्डिंग करून माउंट सरकवायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. एमएच २२ ची पंधरा वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणीला आरटीओत जाते, तिथे तपासणी होते, आणि तुमचं वेल्डिंग तिथे दिसतं.

तपासणी: पाऊण तास, त्याचे पैसे वेगळे

गाडी डबल स्टँडवर घ्यायच्या आधी सीटवर दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन एकदा स्थिरावली तर शॉकअपमधलं तेल काम करतंय. दोन-तीन वेळा नाचली तर ते संपलंय. शॉकअपमध्ये दोन माणसं काम करतात असं समजा. स्प्रिंग वजन उचलते. आतला दट्ट्या तेलातून बारीक भोकांवाटे जातो आणि स्प्रिंगचा नाच थांबवतो, त्या नाचाची उष्णता होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर सलग अर्धा तास चालवलं की तेल तापून पातळ होतं, जुन्या शॉकअपमध्ये हवा मिसळून फेस होतो. म्हणून गिऱ्हाईक सांगतं, "निघताना बरी चालते, जिंतूर येईपर्यंत नाचायला लागते." ही तक्रार खरी असते. गाडी थंड असताना तपासून "काही नाही" म्हणू नका, चालवून आणा.

मग डबल स्टँडवर घ्या, दोन्ही शॉकअप काढा. चिमटा मागच्या टोकाला धरून आडवा हलवा. टक् असा जरी आवाज आला तरी बुश गेलाय. मग चिमटा हळूच वर-खाली करा, कुठेही अडकता कामा नये. मघाच्या हिशेबातले अडीच तास इथे दोन मिनिटांत वाचतात. शॉकअप आडवा धरून दांड्यावर नख फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नवं सील टाकूनही ते महिनाभरात फाटेल. काही जुने शॉकअप उघडतात, त्यांचं तेल आणि सील बदलता येतं, आणि दांडा चांगला असेल तर माझ्या मते नव्या स्वस्त जोडीपेक्षा ते काम चांगलं. दाबून बंद केलेले आणि गॅसचे मात्र उघडायच्या भानगडीत पडू नका. गॅसवाल्यात दाब असतो, त्याला भोक पाडणं म्हणजे जिवाशी खेळ. स्प्रिंग काढतानाही स्प्रिंग दाबायचं साधन हवंच. दोघांनी धरून पान्याने काढायची पद्धत बंद करा, सुटलेली स्प्रिंग तोंडावर येते.

आता माप. वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी, दोन्ही डोळ्यांचं भोक, बुशची रुंदी. डावा आणि उजवा वेगळा मोजा, जुन्या गाडीत ते सारखे असतीलच असं नाही. स्प्रिंग काढलेले शॉकअप परत अडकवून चाक हाताने बफरपर्यंत उचला, म्हणजे चाक एकूण किती हलतं ते कळतं. त्याच वेळी टायर मडगार्डला लागतो का ते पाहा. जावा-येझदीला दोन्ही बाजूंना सायलेन्सर आणि साखळीला बंद डबा असतो, तिथे जाड स्प्रिंगचा किंवा बाजूला बाटली असलेला शॉकअप घासतो. हे आत्ता बघायचं, पार्ट आल्यावर नाही.

शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं. मडगार्डवर ॲक्सलच्या बरोबर वर चिकटपट्टीने खूण करा. चाक लटकत असताना ॲक्सल ते खूण अंतर मोजा. मग गाडी चाकावर उभी करून मोजा. मग मालकाला बसवून मोजा. उदाहरण घ्या: लटकताना ५४०, नुसत्या गाडीला ५२८, मालक बसल्यावर ५०८. माणसाने ३२ मिलिमीटर बसवली. चाक एकूण ९५ हलत असेल तर हा साधारण तिसरा हिस्सा झाला, बरोबर आहे. पण मालकाला विचारा गाडीवर रोज काय असतं. पाथरीचा शेतकरी मागे युरियाची ४५ किलोची गोणी टाकून जात असेल तर गोणी ठेवून मोजा. तेव्हा ४७० आलं, म्हणजे ९५ पैकी ७० आधीच संपले, खड्ड्याला उरले २५. याला नवा शॉकअप नाही, जास्त ताकदीची स्प्रिंग हवी. खालचं कडं फिरवून स्प्रिंग आवळली तर गाडी उंच दिसते, स्प्रिंगची ताकद तेवढीच राहते. कडं शेवटपर्यंत आवळल्यावर रिकामी गाडी जराही बसत नसेल, आणि माणूस बसल्यावर मात्र खाली जात असेल, तर स्प्रिंग मऊ आहे हे पक्कं.

एवढं सगळं कार्डवर लिहा, मोबाईलवर फोटो काढा. याचे २०० रुपये आधीच सांगून घ्या. काम तुमच्याकडे केलं तरी ते बिलातून कापू नका, कारण ते कामच आहे. मग तपासणी आणि फिटिंग मिळून अडीच तास, खर्च ४३३. तपासणी २००, फिटिंगची मजुरी ४००, पार्टवर ३००, जमा ९००. उरले ४६७, आणि गाडी परत येत नाही. "दुसरीकडे तपासायचे पैसे घेत नाहीत" असं कोणी म्हणेल. त्याला कार्ड दाखवा. पुन्हाही म्हणाला तर जाऊ द्या.

पार्ट पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवायचा असेल तर पार्टची पूर्ण किंमत आगाऊ घ्या. मापाने मागवलेली जोडी दुसऱ्या कोणाला बसत नाही, गिऱ्हाईक फिरकलं नाही तर ती तुमच्या भिंतीला लटकते. आपल्याकडे हौसेची कामं सोयाबीन विकल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. तेव्हा पार्ट यायलाही वेळ लागतो, म्हणून तपासणी श्रावणातच करून ठेवायला सांगा.

बसवताना

नेहमी जोडीच बदला, एक नवा एक जुना नको. स्टडला पायरी पडली असेल तर स्टड बदला, नुसता नट आवळून भागत नाही. वॉशर जसे निघाले तसे ताटलीत मांडून ठेवा. दोन्ही बाजूंचं कडं एकाच खाचेत ठेवा. रबर बुशचे नट आधी हलके लावा, गाडी चाकावर उतरवा, मग आवळा. लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर साखळी तपासा. ॲक्सल, चिमट्याची पिन आणि पुढचं चक्र एका रेषेत आल्यावर साखळी सगळ्यात ताणली जाते, तिथेही थोडी ढिली राहिली पाहिजे. ब्रेकच्या दांड्याचा खेळही बघा, मागची उंची बदलली की तोही बदलतो.

जुने शॉकअप पिशवीत घालून मालकाला परत द्या. पाचशे किलोमीटरनंतर नट तपासायला बोलवा, त्याचे पैसे घेऊ नका. आणि पावसाळ्याचं एक सांगून ठेवा: आपली काळी माती दांड्यावर वाळली की दगडासारखी होते आणि पुढच्याच खड्ड्याला सील खरवडते. वॉशिंगवाल्याचा जोराचा फवारा सीलवर मारायचा नाही. ओल्या फडक्याने चिखल मऊ करून पुसायचा, शेतातून आल्यावर लगेच, सकाळवर ठेवायचा नाही.