ओढ्याकाठची लेखनशाळा



'नदी' या विषयावर निबंध लिहा म्हटलं, की आपण काय लिहितो? 'नदी आपली माता आहे. ती आपल्याला पाणी देते. ती खळखळ वाहते.' आमच्या सातवीच्या वर्गात जवळजवळ सगळ्यांच्या वह्यांत हेच निघालं. गुरुजी हसले आणि म्हणाले, "आपल्या ओढ्याला तर माघात टिपूस नसतो. मग ही खळखळ ऐकली कुणी?" कुणालाच उत्तर देता येईना. मग गुरुजींनी लिहिण्याचा तास वर्गातून उचलून थेट ओढ्यावर नेला. त्यालाच आम्ही 'लेखनशाळा' म्हणतो. ती कशी चालते, ते या लेखात सांगत आहोत.

असा प्रयत्न दुसरीकडेही झालेला आहे. अमेरिकेतले कवी रॉबर्ट हास आणि लेखिका पामेला मायकल यांनी १९९५ साली मुलांसाठी 'रिव्हर ऑफ वर्ड्‌स', म्हणजे 'शब्दांची नदी', हा उपक्रम सुरू केला. ५ ते १९ वर्षांची मुलं त्यासाठी कविता आणि चित्रं पाठवीत. विषय होता आपलं पाणलोट क्षेत्र. म्हणजे आधी आपल्या दारचं पाणी कुठून येतं नि कुठं जातं ते शोधायचं, मग लिहायचं.

पाणलोट म्हणजे काय? आपल्या कौलारू घराचं आढं डोळ्यांपुढं आणा. आढ्याच्या अलीकडं पडलेला पाऊस अंगणात येतो, पलीकडचा परसात जातो. सह्याद्रीचा माथा म्हणजे असंच एक मोठं आढं! क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली सावित्री कोकणात उतरते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र पूर्वेकडं वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. माहेर एकच, पण एक बहीण इकडं नांदायला, दुसरी तिकडं!

आमचा ओढा वाईच्या खाली कृष्णेला मिळतो. म्हणून त्याच्या पाण्याचा पत्ता आम्ही असा लिहिला: ओढा, कृष्णा नदी, माहुलीस वेण्णेची भेट, कराडला कोयनेची भेट, पुढं सांगली, नरसोबाची वाडी, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश आणि समुद्र. पत्ता लिहून झाल्यावर एक जण म्हणाला, "म्हणजे आपण टाकलेली प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा ह्याच वाटेनं जाती की!"

आता लेखनशाळेची रीत सांगतो.

१) पाहणे. एकाच जागी पाव तास गप्प बसायचं. जे दिसलं, ऐकू आलं, वास आला, तेवढंच टिपायचं. 'सुंदर पक्षी' असं लिहायचं नाही. खंड्या होता की टिटवी, ते लिहायचं. नाव ठाऊक नसेल तर रंग लिहायचा.

२) पुन्हा जाणे. आम्ही कार्तिकात गेलो आणि माघातही गेलो. कार्तिकात दगडाखाली खेकडे होते. माघात त्याच दगडाखाली तडकलेला चिखल होता.

३) विचारणे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ओढ्याबद्दल विचारायचं आणि ते बोलतील तसंच उतरवून घ्यायचं.

४) लिहिणे. गोष्ट, कविता, पत्र, काहीही चालेल. ओढाच बोलतोय असंही लिहिता येतं.

५) वाचणे. मोठ्यानं वाचून दाखवायचं. ऐकताना जे खोटं वाटेल, ते खोडायचं.

मोठमोठे लेखकही असंच पाहून लिहितात. साताऱ्यात १८८५ साली जन्मलेल्या काका कालेलकरांनी देशातल्या कितीतरी नद्यांवर लेख लिहिले. लहानपणी पाहिलेली कृष्णाही त्यांत आहे.

विचारण्यातून आम्हांला सर्वांत जास्त मिळालं. एकाच्या आजीनं सांगितलं, "वडाखाली म्हसरांचा डोह हुता. चैतापतुर पाणी असायचं, म्हसरं दिसभर डुंबायची." आम्ही तिथं गेलो, तर डोह गाळानं भरलेला आणि वर गवत. आमच्यापैकी कुणाला ते नावही माहीत नव्हतं. डोह गेला आणि मागोमाग त्याचं नावही जायला निघालं होतं. आता ते निदान वहीत तरी आहे. अशी आणखी सहा नावं मिळाली. ती शेजारच्या नकाशात लाल खडूनं लिहिली आहेत.

एका मुलीनं लिहिलं, 'ओढा घाण झाला असे सगळे म्हणतात. पण आमच्या गोठ्याचे पाणी त्यातच जाते, हे मी आज पहिल्यांदा पाहिले.' तिनं वाचून दाखवलं आणि वर्ग गप्प झाला. कारण तसं पुष्कळांच्या घरचं जातं. तिनं भीतभीत विचारलं, "गुरुजी, हे भित्तिपत्रकावर लावायचं? घरी रागावतील." गुरुजी म्हणाले, "नाव नको लिहूस. वाक्य मात्र राहू दे." ते वाक्य खालच्या कोपऱ्यात लावलं आहे.

पालकांनो, ते वाचून रागावू नका. ते एकाच घराबद्दल नाही. कुणाला परसात शोषखड्डा घ्यायचा असेल, तर रविवारी आम्ही मुलं माती उचलायला येऊ.

आणि मित्रांनो, तुम्हीही लिहा. पण पाण्यावर एकटे जाऊ नका, मोठं माणूस बरोबर घ्या. पावसाळ्यात ओढा दुरूनच बघा. तुमच्या आजी-आजोबांना ओढ्यातली आणखी नावं आठवत असतील, तर ती चिठ्ठीवर लिहून आमच्या वर्गात आणून द्या. नकाशात जागा ठेवली आहे.

— इयत्ता सातवीचे विद्यार्थी