वेगाचा लगाम

बास्केटबॉलचा सामना प्रथमच पाहणाऱ्यास तो केवळ धावपळीचा खेळ वाटतो. दहा खेळाडू मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावतात, पुन्हा माघारी वळतात, आणि चेंडू तर क्षणभरही स्वस्थ नसतो. जो संघ अधिक उंच व अधिक चपळ, तोच जिंकणार, असे मग पाहणाऱ्याच्या मनात येते. परंतु लक्षपूर्वक पाहिल्यास असे आढळून येते की, जाणते खेळाडू सर्व वेळ सारख्याच वेगाने खेळत नाहीत. कधी ते वाऱ्यासारखे धावत सुटतात, तर कधी चेंडू हातात असूनही मुद्दाम थांबतात आणि सोबत्यांना आपापल्या जागी जाऊ देतात. कुशल घोडेस्वार ज्याप्रमाणे लगाम कधी सैल सोडतो व कधी आवळून धरतो, त्याप्रमाणेच हे असते. यालाच खेळाच्या गतीवर ताबा ठेवणे असे म्हणतात.

बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. मधल्या रेषेने त्याचे दोन समान भाग होतात, आणि प्रत्येक टोकाला जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर लोखंडी कडे बसविलेले असते. प्रत्येक संघाचे ५ खेळाडू एका वेळी मैदानात असतात. चेंडू हाती आल्यावर संघापुढे दोन मार्ग असतात. प्रतिपक्षाचे खेळाडू अद्याप माघारी पोहोचले नसतील, तर तत्काळ धावून जाऊन बास्केट करावी, हा पहिला मार्ग. त्यांनी आपली फळी उभारली असेल, तर चेंडू शांतपणे पुढे न्यावा, आपल्या ५ जणांची रचना करावी आणि अर्ध्या मैदानातच योग्य संधी शोधावी, हा दुसरा मार्ग. कोणत्या वेळी कोणता मार्ग धरावा, हे ओळखण्यातच खेळाडूची खरी परीक्षा असते. फळी उभी असताना उगाच घुसू पाहणारा खेळाडू उतावळ्या नवऱ्याप्रमाणे गुडघ्याला बाशिंग बांधतो, आणि चेंडू गमावून बसतो.

अर्ध्या मैदानातील खेळ वरवर संथ दिसला, तरी त्यात कोणीही रिकामा उभा नसतो. पहिली गोष्ट म्हणजे खेळाडूंनी एकमेकांपासून पुरेसे अंतर ठेवावे लागते. सर्वजण चेंडूभोवती गोळा झाले, तर एकच रक्षक दोघांना अडवू शकतो. ते पांगून उभे राहिले, तर रक्षकांनाही पांगावे लागते व मध्ये मोकळी जागा निर्माण होते. दुसरी गोष्ट म्हणजे चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात सतत फिरत राहावा लागतो, कारण माणसाच्या पायांपेक्षा फेकलेला चेंडू नेहमीच वेगवान असतो. कधी एखादा खेळाडू रक्षकाच्या वाटेत खांबासारखा निश्चल उभा राहतो आणि आपल्या सोबत्याला निसटण्यास वाव देतो. याला ‘स्क्रीन’ म्हणतात. कधी रक्षक चेंडू हिसकावण्याच्या मोहाने फार पुढे येतो. अशा वेळी आक्रमक बाहेरच्या बाजूस एक पाऊल टाकल्यासारखे करतो आणि लगेच वळून त्याच्या पाठीमागून बास्केटकडे धाव घेतो. रक्षकाचा उतावळेपणाच येथे आक्रमकाच्या उपयोगी पडतो.

गती मंद ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. दोन मुलांनी दगडांनी आंबे पाडण्याची पैज लावली आहे, अशी कल्पना करा. त्यांपैकी एकाचा नेम दुसऱ्यापेक्षा चांगला आहे. प्रत्येकाने शंभर दगड मारावयाचे ठरले, तर चांगला नेमबाजच जिंकेल, यात शंका नाही. पण प्रत्येकाने तीनच दगड मारावयाचे असतील, तर दुसऱ्या मुलालाही आशा धरता येते. बास्केटबॉलमध्येही असेच घडते. खेळ जितका जलद, तितके दोन्ही संघांचे प्रयत्न अधिक, आणि तितका बलवान संघाचा वरचष्मा स्पष्ट होतो. म्हणून दुबळा संघ पुष्कळदा खेळ संथ करतो.

मात्र या युक्तीचा अतिरेकही होऊ शकतो. अमेरिकेतील मिनीयापोलिस येथे २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाची गाठ लेकर्स या बलाढ्य संघाशी पडली. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा ६ फूट १० इंच उंचीचा पराक्रमी खेळाडू होता. त्याच्याशी उघड सामना करणे कठीण जाणून फोर्ट वेनच्या खेळाडूंनी चेंडू नुसता हातात धरून ठेवण्यास प्रारंभ केला. चेंडू किती वेळ जवळ ठेवावा, याला तेव्हा नियमाचे बंधन नव्हते. प्रेक्षक चिडले, त्यांनी आरडाओरड केली. पण खेळ तसाच रेंगाळत राहिला. अखेरीस फोर्ट वेनने तो सामना १९ विरुद्ध १८ गुणांनी जिंकला. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे होते. फोर्ट वेनने कोणताही नियम मोडला नव्हता; तथापि खेळ पाहावयास आलेल्यांना खेळ असा दिसलाच नाही.

यावर उपाय शोधण्यात सिरॅक्यूज येथील संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी पुढाकार घेतला. त्यांचा हिशेब अगदी साधा होता. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू बास्केटकडे फेकतात. २८८० ला १२० ने भागले की २४ येतात. म्हणून चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांच्या आत बास्केटचा प्रयत्न झालाच पाहिजे, असा नियम अमेरिकेच्या व्यावसायिक सामन्यांत १९५४ साली लागू झाला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत १९५६ पासून ३० सेकंदांची मर्यादा होती. २००० पासून तेथेही २४ सेकंदांची मर्यादा आली. शिवाय आपल्या अर्ध्या भागातून चेंडू ८ सेकंदांत पुढे न्यावा लागतो, आणि एकदा मधली रेषा ओलांडली की तो परत मागे नेता येत नाही. अशा रीतीने संथ खेळण्याची मुभा राहिली. खेळ टाळण्याची मात्र राहिली नाही.

वेळेचे बंधन आल्यावर दुबळ्यांची आशा मावळली काय? तसे झाले नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात पीट कॅरिल यांनी २९ वर्षे बास्केटबॉलचे शिक्षण दिले. खेळातील नैपुण्याबद्दल शिष्यवृत्ती देण्याची प्रथा त्या विद्यापीठात नसल्यामुळे देशातील निवडक खेळाडू सहसा तेथे येत नसत. जे विद्यार्थी येत, त्यांना कॅरिल नेमका पास देणे, अंतर राखणे आणि योग्य क्षणाची वाट पाहणे शिकवीत. १४ मार्च १९९६ रोजी राष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्या संघाची गाठ आदल्या वर्षीच्या विजेत्या संघाशी, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाशी पडली. त्या काळी महाविद्यालयीन सामन्यांत ३५ सेकंदांची मर्यादा होती. प्रिन्स्टनचे खेळाडू त्या वेळेचा पुरेपूर उपयोग करीत राहिले. सुमारे ६ मिनिटे उरली असता ते ३४ विरुद्ध ४१ गुणांनी मागे होते. दुसरा एखादा संघ अशा वेळी गडबडून गेला असता. पण यांनी आपली चाल बदलली नाही. त्यांनी एकेक गुण जोडीत बरोबरी साधली, आणि प्रतिपक्षाला पुढे एकही गुण मिळू दिला नाही. शेवटचे काही क्षण उरले असता गेब लुलिस हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आपल्या रक्षकाच्या पाठीमागून बास्केटकडे धावला. सोबत्याने दिलेला पास नेमका त्याच्या हाती आला आणि त्याने चेंडू बास्केटमध्ये टाकला. प्रिन्स्टनने ४३ विरुद्ध ४१ गुणांनी सामना जिंकला.

या दोन्ही सामन्यांत दुबळ्या संघाने गती मंद केली आणि विजय मिळविला. तरीही दोहोंत मोठा भेद आहे. पहिल्या संघाने खेळ व्हावयासच नको, म्हणून चेंडू धरून ठेवला. दुसऱ्याने तो अधिक चांगला व्हावा, म्हणून वाट पाहिली. एकात टाळाटाळ होती, दुसऱ्यात संयम होता. पुढच्या वेळी शाळेच्या मैदानावर चेंडू तुमच्या हाती येईल आणि चोहोकडून “टाक, टाक!” असा गलका होईल, तेव्हा क्षणभर मान वर करून पाहा. कोणता सोबती मोकळा आहे, कोणता रक्षक फार पुढे आला आहे, हे ध्यानी आल्यावर मग चेंडू सोडा. तो एक क्षण वाया गेला, असे तुम्हांला कधीही वाटणार नाही.