खाडीपलीकडचा दर

ठाण्याच्या खाडीभोवती एकेकाळी तीन महापालिकांच्या तीन तऱ्हा होत्या. मुंबईत जकात, ठाण्यातही जकात, पण दरपत्रक वेगळं, आणि वाशीचा पूल ओलांडून नवी मुंबईत शिरलं की 1996 पासून उपकर. तिथे नाक्यावर पावती फाडायची नाही, व्यापाऱ्यानं आपल्या वहीवरून हिशेब करून पैसे भरायचे. सळई तीच, ट्रक तोच.

राज्याचा विक्रीकर, 2005 च्या एप्रिलपासून व्हॅट, तो वेगळाच. परराज्यातून माल घेतला की सी फॉर्मसाठी पाठपुरावा. त्याबद्दल व्यापारी कुरकुरत. शिव्या खाई ती मात्र जकात, कारण ती गाडी अडवायची. दहिसरला, मुलुंडला रात्री रांगा लागत. शहरात उतरायचाच नसलेला मालही कागद दाखवल्याशिवाय हद्दीतून पुढे जात नसे. मुंबईहून पुण्याला निघालेल्या ट्रकपुढे आधी पिंपरी-चिंचवडची हद्द, मग पुण्याची.

नगरपालिकांची जकात 1999 मध्ये उठली. महापालिकांना रोजची रोकड सोडवेना. मग 2010 पासून काही शहरांत आणि 1 एप्रिल 2013 ला पुण्या-नागपुरात स्थानिक संस्था कर आला, म्हणजे एलबीटी. नाके हटले, हे चांगलंच झालं. पण दर पुन्हा ज्या त्या महापालिकेचे, आणि तपासनीस आता दुकानात येणार ही धास्ती. व्हॅट कार्यालयाकडे आमचा हिशेब आहेच, मग दुसरी वही कशाला, असं म्हणत बाजारपेठा बंद राहिल्या. त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांची एलबीटी सुटली. मुंबईची जकात मात्र 30 जून 2017 च्या मध्यरात्रीपर्यंत टिकली. वर्षाला सुमारे सात हजार कोटी देणारी दुभती गाय कोण सोडील? दुसऱ्या दिवशी जीएसटी लागू झाला, नाके ओस पडले, आणि स्वतःच्या हद्दीवर वसुली करणारी महापालिका भरपाईच्या हप्त्यासाठी राज्याकडे डोळे लावून बसली.

एलबीटी गेली म्हणतात खरं. पुण्यात फ्लॅटच्या खरेदीखतावर सात टक्के मुद्रांक शुल्क भरावं लागतं, त्याची फोड विचारून बघा: पाच मूळ शुल्काचे, एक मेट्रोचा, आणि उरलेला एक एलबीटीचा.