मज्जातंतूंची ‘फास्ट लोकल’ रखडते तेव्हा

कोपर स्थानकात धिम्या लोकल थांबतात. जलद लोकल मात्र न थांबता थेट मोठ्या स्थानकात जाते आणि म्हणूनच लवकर पोहोचते. आपल्या शरीरातले मज्जातंतूही अशीच युक्ती वापरतात. ती बिघडली, तर धडधाकट माणूस काही दिवसांत अंथरुणाला खिळू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता परिसरात हेच दिसले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत ‘जीबीएस’ म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ आढळले. पुणे आणि परिसरातील रुग्णसंख्या २०० च्या वर गेली, काहींचा मृत्यू झाला.

हा आजार समजण्यासाठी मज्जातंतूची रचना पाहू. पायाच्या स्नायूंना हुकूम देणारी चेतापेशी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असते. तिचा एक धागा, ज्याला अक्षतंतू म्हणतात, थेट पायापर्यंत जातो. त्याची लांबी सुमारे १ मीटर भरू शकते. या धाग्याभोवती श्वान नावाच्या मदतनीस पेशी स्निग्ध थर गुंडाळतात. हेच मायलिन आवरण. वायरवरच्या प्लास्टिकसारखे ते असते, पण सलग नसते. मध्ये ठरावीक अंतरावर बारीक फटी असतात. विद्युतसंदेश एका फटीतून दुसरीकडे जणू उडी मारत जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत संदेशाचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर असतो; जाड आवरणाच्या तंतूत तो ५० मीटरहून अधिक असतो.

पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो आणि जुलाब होतात. या जंतूच्या पृष्ठभागावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखेच दिसतात. त्यामुळे जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती गफलतीने आपल्याच मज्जातंतूंवर चालून जाते. काहींमध्ये आवरण खराब होते, काहींमध्ये आतल्या धाग्यालाच इजा होते. जुलाब तर थांबलेले असतात, पण एक ते तीन आठवड्यांनी पाय जड होऊ लागतात.

लक्षणे बहुधा पायांपासून सुरू होतात. तंतू जितका लांब, तितक्या वाटेत अडथळ्याच्या जागा जास्त. मुंग्या येतात, जिना चढता येत नाही, मग हातांतली ताकद जाते. पक्षाघाताच्या झटक्यात सहसा शरीराची एकच बाजू अचानक लुळी पडते. इथे दोन्ही बाजू सारख्याच कमजोर होत जातात. अनेकदा घरचे ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाइन लावून घेतात किंवा मालीश करतात. यातच मोलाचे दिवस जातात. हीच कमजोरी श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते आणि साधारण चारपैकी एका रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो.

म्हणून दोन्ही पायांतली ताकद दिवसागणिक कमी होत असेल, तर अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय त्याच दिवशी गाठा. गिळताना ठसका लागणे, आवाज बदलणे, एका श्वासात २० पर्यंत आकडे मोजता न येणे, ही धोक्याची खूण समजा. अलीकडे जुलाब झाले असतील, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर अधिक उपयोगी पडतात.

दिलासा असा, की श्वान पेशी आवरण पुन्हा गुंडाळू शकतात. याला काही आठवडे ते महिने लागतात. धागाच तुटला असेल, तर तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. म्हणून फिजिओथेरपी चिकाटीने करावी लागते. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात.

प्रत्येक जुलाबाला घाबरायचे कारण नाही. जीबीएस वर्षाला लाखात एक-दोघांनाच होतो. पण पाण्याला वास येत असेल, ते गढूळ असेल किंवा टँकरचे असेल, तर ते चांगले उकळूनच प्या. चिकन आतपर्यंत शिजवा. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, हे येत्या बैठकीत जरूर विचारा.